बाळाचे पहिले जेवण

चेंबूर नाक्यावरून घाटल्याकडे चला, नाही तर लाल डोंगराच्या बाजूला वळा. दुपारचे साडेअकरा वाजले असतील, तर कुठल्या ना कुठल्या दारातून कुकरची शिटी ऐकू येते. आत वरणभाताचा कुकर लागलेला असतो. घरात सात-आठ महिन्यांचे बाळ असले तर आजी काय करते? कुकर उघडते. पळीने वरणाच्या वरवरचे पाणी वाटीत काढते. त्यात मिठाचे दोन कण टाकते आणि चमच्याने बाळाला पाजते. बाळ मिटक्या मारते. आजीला बरे वाटते. आईलाही वाटते, चला, बाळ जेवले.

बाळ जेवलेले नसते. ते पाणी प्यालेले असते.

वरण शिजले की डाळ खाली बसते. वर जे राहते त्याला डाळीचा रंग असतो, वास असतो. डाळ फार थोडी असते. भाताच्या वरच्या पाण्याचेही तसेच. आता बाळाचे पोट केवढे असते ते पाहू. सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० मिलिलिटर मावते. म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीने दीड वाटी, जरा कमीच. एवढीशी ती थैली पाण्याने भरली, तर अन्नाला जागा उरत नाही. पोट भरलेले, म्हणून बाळ रडत नाही. अंगाला मात्र काही लागत नाही. घरातल्या माणसांना हे लवकर कळत नाही, कारण बाळ उपाशी दिसत नाही.

चेंबूरच्या शेजारी देवनारला एक मोठी संस्था आहे. तिचे नाव आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. ती १९५६ साली सुरू झाली. देशभर घरोघरी माणसे पाठवून आई-मुलांच्या तब्येतीची पाहणी केली जाते, तिचे काम ही संस्था बघते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाहणीत असे दिसले की, आपल्या देशात सहा ते आठ महिन्यांच्या १०० मुलांपैकी फक्त ४६ मुलांना आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न मिळत होते. बाकीच्यांना मिळत नव्हते. सहा महिने ते दोन वर्षे या वयाच्या १०० मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले ११ सुद्धा जेमतेम होती. आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांच्या आतल्या १०० मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी निघाली. ही उंची मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत मागे पडते, आणि मागे पडलेली उंची पुढे भरून काढणे फार कठीण असते. म्हणून ही गोष्ट वेळेवर करायची.

केव्हा सुरू करावे?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी नको, गुटी नको, मधाचे बोट नको. आईच्या दुधातच पाणी असते. मे महिन्यातल्या उकाड्यातही तेवढे पुरते. आईच्या दुधाची किंमत मोठी आहे. चेंबूरहून शीव लांब नाही. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. ज्या बाळांना आपल्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांना तिथे दुसऱ्या आयांनी दिलेले दूध मिळते.

सहा महिने पुरे झाले की एकटे दूध कमी पडू लागते. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येते, तोही याच सुमाराला संपत येतो. लोह कमी झाले की रक्त कमी होते. आता वरचे अन्न हवेच. दूधही चालू ठेवायचे, चांगले दोन वर्षांचे होईपर्यंत आणि पुढेही.

आपल्याकडे उष्टावण करतात. मुलाचे सहाव्या नाही तर आठव्या महिन्यात, मुलीचे पाचव्या नाही तर सातव्या. अंगणवाडीच्या दारात यावरून कसे बोलणे होते पाहा.

"ताई, आमचा आठव्यात उष्टावायचा आहे. मामा गावाहून यायचाय."

"मामांना येऊ द्या की, आजी. समारंभ आठव्यात करा. पण पोटाला घास सहा महिने पुरे झाल्यावर लगेच द्या. पोटाला मुहूर्त कळत नाही."

"आणि हिच्या जावेची पोरगी पाच महिन्यांची झाली. तिचं या महिन्यातच करायचं म्हणतात."

"तिला अजून महिनाभर थांबवा. पाटावर बसवा, ओवाळा, ओठाला चमचा नुसता टेकवा. खायला मात्र सहा पुरे झाल्यावर."

मुलाचे आणि मुलीचे पोट सारखेच असते. दोघांनाही सहा महिने पुरे झाले की जेवण सुरू. मान नीट धरता येते, आधाराने बसते, आपण जेवताना आपल्या घासाकडे बघून तोंड उघडते, ही बाळ तयार झाल्याची खूण. दात आलेले नसले तरी चालते. हिरड्यांनी बाळ मऊ अन्न छान चिरडते.

खिमट

आजी एक गोष्ट हमखास बोलतात. "आम्ही पाच पोरं वाढवली वरणाच्या पाण्यावर. कुणाचं काय बिघडलं?" सुनांनो, हे बोलणे उडवून लावू नका. आजींना जवळ बसून विचारा, पाण्याबरोबर आणखी काय देत होतात? पुष्कळ आजी म्हणतील, "खिमट द्यायचो की! पेजेत भात चुरून द्यायचो." म्हणजे खरे जेवण ते होते. आपण घाईत खिमट सोडले आणि पाणी तेवढे धरून ठेवले.

खिमटाला काय लागते? दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ. दोन्ही दोन-तीन पाण्यांनी धुवा. स्वच्छ कापडावर पसरून पंख्याखाली खडखडीत वाळवा. पावसाळ्यात हवा दमट असते, एका दिवसात वाळत नाही. दोन दिवस लागले तरी चालतील. ओलसर राहिले तर पिठाला बुरशी धरते. वाळल्यावर मंद आचेवर वेगवेगळे भाजा. तांदूळ जरा फुलतो, डाळीचा वास सुटतो, तेव्हा उतरवा. करपवू नका. गार झाले की मिक्सरवर रव्यासारखे दळा. गिरणीत एवढेसे टाकले तर निम्मे पीठ जात्यातच अडकते, आणि आधीच्या माणसाचे काय दळले होते कोण जाणे. मिक्सर नसेल तर शेजारणीकडे जा. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरा. पंधरा दिवसांत संपेल इतकेच करा.

एका वेळेसाठी पोह्याच्या चमच्याने तीन चमचे पीठ घ्या. सव्वा वाटी गार पाण्यात कालवा. गुठळ्या मोडा. मग गॅसवर ठेवून ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत दाट होते. मऊ शिजले की उतरवा आणि वर चहाचा चमचाभर तूप घाला. जिऱ्याची पूड चिमटीभर घातली तर वास चांगला येतो. मीठ घालू नका. हे वाटीभर होते.

आता चमचा भरून घ्या आणि तिरका करा. खिमट चमच्याला धरून राहिले, हळूच घसरून पडले, तर बरोबर झाले. पाण्यासारखे ओघळले तर पातळ झाले, आणखी शिजवा. ही एवढी परीक्षा रोज करा. बाळाच्या प्रत्येक पदार्थाला ती लागू आहे. वरणभात असो, खीर असो, बटाटा असो.

हिशोब करून दाखवते. अन्नातली शक्ती उष्मांकांत मोजतात. तीन चमचे पीठ, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. त्यातून ८५ उष्मांक मिळतात. चहाच्या चमचाभर तुपातून ४५. दोन्ही मिळून १३०. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून लागतात. म्हणजे एका वेळी वाटीभर खिमट आणि दुसऱ्या वेळी अर्धी वाटी, की झाले काम. यासाठी दुकानातला महागडा डबा आणावा लागत नाही. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३०० लागतात. वर्ष झाले की ५५०.

वाटीभर खाणे पहिल्या दिवशी होणार नाही. सुरुवातीला दोन-तीन चमचे. ते दोनदा. आठ-पंधरा दिवसांत वाढवत अर्ध्या वाटीवर या. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा द्या, आणि मिक्सरमधून गुळगुळीत करून देणे तोपर्यंत सोडा. हाताने कुसकरलेले, थोडे कणीदार द्या. चावायला शिकण्याचेही वय असते. वर्षाच्या बाळाने घरातल्या सगळ्यांचे जेवण जेवावे. तिखट घालायच्या आधी त्याचे बाजूला काढायचे, एवढेच.

नाचणीची गंमत

नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम भरपूर असते. तांदळात आणि गव्हात असते त्याच्या कितीतरी पट. हाडांना ते लागते. कोकणातल्या घरांत नाचणीचे सत्त्व बाळाला देतातच. पण नाचणीचे पीठ शिजले की फार घट्ट होते. लहान बाळाला गिळता येत नाही. मग आई पाणी वाढवते, आणि पुन्हा तीच पाण्याची गोष्ट होते.

यावर जुनी युक्ती आहे. नाचणी रात्रभर भिजवा. सकाळी पाणी काढून फडक्यात बांधा. दिवसभर, नाही तर दोन दिवस ठेवा. फडके मधूनमधून ओले करा. बारीक मोड आले की पसरून कडक वाळवा. तव्यावर अगदी हलके गरम करा, हाताने चोळून मोड झाडून टाका आणि दळा.

मोड आले की धान्यात एक रस तयार होतो. तो पिठाला पातळ करतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर पुष्कळ काम केले. नेहमीची दाट खीर शिजवून उतरवायची. थोडी निवली की मोडाच्या पिठाचा चहाचा अर्धा चमचा त्यात घालून ढवळायचे. पाहता पाहता खीर सैल होते. पाणी न घालता सैल होते, म्हणून तिच्यातले अन्न तेवढेच राहते. मग पुन्हा एक उकळी काढायची आणि कोमट करून द्यायची. मोडाचे पीठ जोरात भाजले तर तो रस मरतो आणि ही गंमत होत नाही.

घरी करून पाहा. लहान मुलेसुद्धा बघायला गोळा होतात.

तांदूळ-डाळीच्या पुढे

एकच पदार्थ रोज दिला तर रक्त वाढत नाही. आधी सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी निघाले. ही गोष्ट फक्त गरिबांच्या घरातली समजू नये.

अंडे स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळते. पूर्ण उकडून, पिवळे आणि पांढरे दोन्ही कुसकरून मऊ भातात घाला. माहुल आणि ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यांत मासळीला काही तोटा नाही. तिथल्या आया मासा उकडून काटे बोटांनी चाचपून काढतात आणि भातात कालवतात. डोळ्यांनी काटा दिसत नाही, बोटांना लागतो. खारवलेली सुकी मासळी मात्र बाळाला नको, तिच्यात मीठ फार. मटण घरात शिजत असेल तर कलेजीचा छोटा तुकडा मऊ शिजवून, चिरडून द्या. कलेजीत लोह भरपूर असते. रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे.

ज्या घरात हे चालत नाही तिथे डाळ जास्त घाला. शेंगदाणे भाजून अगदी बारीक कूट करा आणि खिमटात चमचाभर मिसळा. पालक, माठ, चवळई कुकरमध्ये वरणाबरोबरच शिजवा, घोटून घ्या आणि वर लिंबाचे चार थेंब पिळा. लिंबामुळे भाजीतले आणि डाळीतले लोह अंगाला लागते. चहामुळे उलटे होते, लोह वाया जाते. बाळाला चहात बुडवलेले बिस्कीट देण्याची चाल आपल्याकडे फार आहे. ती सोडा. चहा गेला, बिस्किटाची साखर गेली, पैसेही वाचले.

लाल भोपळा, गाजर, रताळे उकडून द्या. केळे, पपई, चिकू कुसकरून द्या. मे महिन्यात आंबा. दही चालते. नवा पदार्थ एका वेळी एकच द्या आणि दोन-तीन दिवस तोच द्या. बाळाने थुंकला तर "याला आवडत नाही" म्हणून कायमचा सोडून देऊ नका. काही बाळे आठ-दहा वेळा थुंकतात आणि मग तोच पदार्थ मागून खातात.

काय देऊ नये तेही लक्षात ठेवा. वर्षाच्या आत मध अजिबात नको. मधात कधी कधी असे जंतू असतात की लहान बाळाच्या आतड्यात त्यांचे विष तयार होते आणि बाळ लुळे पडते. पहिल्या वर्षात वरून मीठ, साखर, गूळ घालू नये. आपल्याला अळणी लागते, बाळाला नाही; त्याला दुसरी चव ठाऊकच नसते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कच्च्या गाजराचे तुकडे घशात अडकतात. बाळाला आडवे पाडून भरवू नका, बसवून भरवा. आणि दुकानात टांगलेली पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे मोठ्या भावाच्या हातातून बाळाच्या तोंडात जातात, तिकडे लक्ष ठेवा.

आई कामावर गेली तर

चेंबूर कॅम्पात, छेडानगरात, टिळकनगरात घरकामाला जाणाऱ्या पुष्कळ बाया सकाळी सातला घराबाहेर पडतात. त्या म्हणतात, "ताई, हे सगळं खरं, पण करायचं कधी?"

पीठ रविवारी करून ठेवायचे. शिजवायला दहा मिनिटे लागतात. ते घरातल्या मोठ्या माणसाने करायचे. आजीला, सासऱ्यांना, बाळाच्या बापाला चमचा तिरका करून दाखवा. बापाने खिमट शिजवले तर ते बिघडत नाही. सकाळी सहाला शिजवून दुपारी बारापर्यंत झाकून ठेवू नका. मुंबईच्या हवेत शिजलेले अन्न दोन तासांपुढे बाहेर राहिले तर त्यात जंतू वाढतात. उरलेले उष्टे पुन्हा देऊ नका, मोठ्यांनी खाऊन टाका. जिथे नळाला तासभरच पाणी येते तिथे हात धुवायला पाणी वाचवावेसे वाटते. पण भरवणाऱ्याचे आणि बाळाचे हात साबणाने धुण्याला पाणी ठेवाच. प्यायचे पाणी उकळून गार केलेले.

बाटली नको. बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही. आपल्याकडे पूर्वी बाळाला बोंडल्याने पाजत. वाटी आणि चमचा ही त्याहून सोपी गोष्ट. दोन्ही धुवायला सोपी.

भरवताना बाळाशी बोला. मोबाईल समोर धरून भरवले तर बाळ घास गिळते, पण पोट भरल्याचे त्याला कळत नाही. त्याने तोंड फिरवले की थांबा. नाक दाबून कोंबू नका.

ताप आला, जुलाब झाले तर जेवण बंद करायची चाल आहे. त्याने बाळ आणखी खंगते. थोडे थोडे, जास्त वेळा द्या. आईचे दूध जास्त वेळा द्या. जुलाबाला ओआरएसचे पाणी आणि झिंकची गोळी १४ दिवस. ही महापालिकेच्या दवाखान्यात मिळते. बरे झाल्यावर पंधरा दिवस रोज एक वेळचे जेवण जास्त. त्यात बाळ गमावलेले वजन परत घेते.

वाचता येते, तर वाचा

तुम्ही अक्षरे शिकलात. आकडे शिकलात. त्यांचा उपयोग बाळाला होऊ द्या.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी नेण्याचा आहार मिळतो. तो तुमच्या बाळाचा हक्क आहे. पाकीट हातात आले की त्यावरची तारीख वाचा. तारीख उलटून गेली असेल तर तिथल्या तिथे परत करा. दुकानातल्या डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र आहे का तेही पाहा. १९९२ सालच्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या आणि अन्नाच्या डब्यांवर बाळाचे चित्र छापायला मनाई केली. २००३ साली तो कायदा आणखी कडक झाला. दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करता येत नाही. एवढा कायदा का करावा लागला, याचा विचार करा.

तुमच्याजवळ माता आणि बाल संरक्षण कार्ड आहे. त्यात मुलीचा तक्ता गुलाबी, मुलाचा निळा. खाली महिने लिहिलेले, उभ्या बाजूला किलो. दर महिन्याला वजन केले की तिथे ठिपका पडतो. ठिपके जोडले की रेघ होते. रेघ वर चढत असली तर खाणे अंगाला लागते आहे. रेघ सपाट झाली तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. अंगणवाडीच्या ताईंना, दवाखान्यातल्या डॉक्टरांना लगेच दाखवा. बाळाच्या दंडाला लावायची रंगीत पट्टी ताईंकडे असते. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, पट्टी लाल दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अभ्यास

१. बाळाच्या कार्डावरचे मागच्या तीन महिन्यांचे वजन मोठ्याने वाचा. वजन किती वाढले ते वजाबाकी करून काढा.

२. हे शब्द पाटीवर लिहा : खिमट, सत्त्व, उष्टावण, उष्मांक, कलेजी.

३. घरातल्या आजींना विचारा : त्यांच्या माहेरी बाळाला पहिला घास कशाचा देत? त्या सांगतील ते पाच ओळींत लिहून आणा.

४. तुमच्या घरच्या वाटीत किती मिलिलिटर पाणी मावते? औषधाच्या मापाने मोजा आणि आकडा कार्डाच्या मागे लिहून ठेवा.